इतिहासाच्या पेपरातले चार गुण

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे

विषय : दहावीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील उताऱ्याचा प्रश्न

महोदय,

विज्ञानाचा दुसरा पेपर झाला की दहावीतली मुले असलेल्या घरांतला ताण एकदम उतरतो. क्लासच्या नोट्स माळ्यावर जातात, बंद ठेवलेला टीव्ही सुरू होतो, शेजारच्या काकू ‘सुटलात ना एकदाचे?’ म्हणून विचारून जातात. खरे तर कोणी सुटलेले नसते. इतिहास-भूगोल बाकी असतात. पण ‘त्यात काय, वाचून टाकायचं’ असे म्हणत ते आदल्या रात्रीवर सोपवलेले असतात. वर्षभर गणितासाठी वेगळा क्लास असतो, विज्ञानासाठी वेगळा. इतिहासाच्या वाट्याला येते एक गाईड, एक अपेक्षित प्रश्नसंच आणि मधल्या सुट्टीचे एक-दोन दिवस.

यात मुलांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. हिशेब त्यांना बरोबर कळतो. सामाजिक शास्त्रांच्या शंभरपैकी इतिहास व राज्यशास्त्राचा लेखी पेपर ४० गुणांचा, भूगोलाचा ४० आणि उरलेले २० शाळेच्या हातात. त्या चाळिसातही निव्वळ इतिहास २८ गुणांचा. शिवाय २०१० पासून सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी धरली जाते. गणितात अडखळणाऱ्यांना त्या सोयीने मोठा आधार दिला हे मान्यच; पण इतिहास-भूगोलात कमी पडले तरी टक्केवारीला धक्का लागत नाही, हेही मुलांनी त्यातूनच ओळखले. शाळेच्या हातातल्या गुणांचे वजन किती, ते २०१९ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले त्या वर्षी दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला.

पण हे पत्र गुणांचे रडगाणे नाही. गंमत अशी, की ज्या विषयाची तयारी एका रात्रीत उरकली जाते, त्याचे पाठ्यपुस्तक महाराष्ट्राने इतक्यात शाळेला दिलेल्या चांगल्या पुस्तकांपैकी एक आहे. आधीच्या पुस्तकात महायुद्धे होती, रशियन क्रांती होती, संयुक्त राष्ट्रे होती. २०१८ मध्ये बालभारतीने ते सगळे बाजूला ठेवून वेगळाच प्रश्न घेतला : इतिहास लिहितात कसा आणि तो कामी येतो कुठे? पहिली दोन प्रकरणे इतिहासलेखनाची, एक पाश्चात्त्य परंपरेचे आणि एक भारतीय. मग उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. महाराष्ट्रात तयार होणारी ‘ठकी’ ही लाकडी बाहुली इतिहासाच्या पुस्तकात येते, महाबळेश्वरजवळचे भिलार हे पुस्तकांचे गाव येते, बखरी येतात, वि. का. राजवाडे येतात. पंधरा वर्षांच्या मुलामुलींना फ्रेंच विचारवंत फुको शिकवण्याचे धाडस या पुस्तकाने केले आहे. सालांच्या आणि तहांच्या याद्या सोडून इतके लांब जाणारे शालेय पुस्तक सहजी सापडणार नाही.

आता हे पुस्तक परीक्षेच्या हॉलमध्ये पोहोचते तेव्हा त्याचे काय होते ते पाहू.

पेपर उघडला की पहिला प्रश्न योग्य पर्याय निवडण्याचा : आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? व्हॉल्टेअर. ‘आर्कियोलॉजी ऑफ नॉलेज’ कोणी लिहिले? मायकेल फुको. मग येते चुकीची जोडी. पुस्तकाच्या स्वाध्यायातलीच एक घ्या. ‘हू वेअर द शूद्राज’ म्हणजे वंचितांचा इतिहास, ‘स्त्रीपुरुष तुलना’ म्हणजे स्त्रीवादी लेखन, ग्रँट डफ म्हणजे वसाहतवादी इतिहास, आणि १८५७च्या उठावावरचा सावरकरांचा ग्रंथ म्हणजे मार्क्सवादी इतिहास. शेवटची जोडी चुकीची, कारण तो ग्रंथ राष्ट्रवादी लेखनात मोडतो. गुण एक. मुलीने उत्तर बरोबर लिहिले, गुण मिळाला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ते पुस्तक का लिहिले, सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्याचा त्याच्याशी काय संबंध, त्यातला एक परिच्छेद वाचला तर तो संताप कसा अंगावर येतो, यातले काहीही तिला माहीत नसले तरी चालते. दुसऱ्या एका जोडीत ‘रम्मन’ येते. ती उत्तराखंडातल्या गढवालची उत्सवपरंपरा. मुलांच्या वहीत मात्र ‘प. बंगाल ✗, उत्तराखंड ✓’ एवढीच नोंद असते.

फुकोचेही तेच होते. त्याच्या पद्धतीला ज्ञानाचे पुरातत्त्व का म्हणतात, हा ‘सकारण स्पष्ट करा’चा आवडता प्रश्न. उत्तर चार मुद्द्यांचे. ज्ञान कोणाच्या हातात असते आणि शाळा, तुरुंग, दवाखाने माणसांना शिस्त कशी लावतात, याचा विचार करणारा हा माणूस, आणि त्याच्यावरचे उत्तर मुले गाईडमधून रात्री दोन वाजता घोकतात, सकाळी निरीक्षकांच्या पहाऱ्यात शब्दशः उतरवतात. फुकोला हे पाहायला मिळाले असते तर त्याने यावर एखादे प्रकरण नक्की लिहिले असते.

ज्या पुस्तकाचा सगळा भर इतिहासाच्या साधनांवर आहे, त्याच्या परीक्षेत मुलांच्या हातात एकही साधन पडत नाही. साधनाविषयी विचारले जाते, साधन दाखवले जात नाही. मूल परीक्षा उत्तीर्ण होते आणि बखर म्हणजे काय हे त्याला पाठ असते. बखर आणि शकावली समोरासमोर ठेवून कोणावर किती विश्वास ठेवायचा, हे त्याला कधी करून पाहावे लागलेले नसते.

म्हणून विनंती फार छोटी आहे. प्रश्नपत्रिकेत चार गुणांचा उतारा आजही आहे. हा उतारा बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातलाच असतो, त्यामुळे तो न वाचताही निम्मी उत्तरे येतात. मंडळाने तेवढे चार गुण मोकळे करावेत. उताऱ्याच्या जागी पुस्तकाबाहेरचे, विद्यार्थ्याने आधी न पाहिलेले एक साधन छापावे आणि त्यावर तीन प्रश्न विचारावेत. बाकीचे छत्तीस गुण जसेच्या तसे राहू देत. चुकीच्या जोड्याही राहू देत. त्या अचानक काढल्या तर मुलांना चुकल्याचुकल्यासारखे होईल.

असे साधन शोधायला दप्तरखान्यांत जावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाबाहेर एक कोरीव दगड उभा असतो. कोणी त्याला शेंदूर फासलेला असतो, कोणी त्यावर कपडे वाळत घातलेले असतात. तो वीरगळ. त्यावर साधारण तीन कप्पे. खालच्या कप्प्यात लढाई, मधल्यात वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या कप्प्यात गाई कोरल्या असतील तर गुरे वाचवताना माणूस गेला असावा, असे अभ्यासक सांगतात. अशा एका वीरगळाचा फोटो प्रश्नपत्रिकेत छापा आणि विचारा : हा माणूस कशाने मेला असावा? दगडातली कोणती खूण पाहून तुम्ही हे म्हणता? आणि या दगडावरून कोणती गोष्ट कळू शकत नाही? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर क्लासच्या मुलाइतकेच, किंबहुना त्याच्यापेक्षा जास्त, त्या दगडावर चढून खेळलेल्या मुलाला सुचेल. ग्रामीण मुलांना असा प्रश्न झेपणार नाही ही शंका इथेच निकालात निघते. भूगोलाच्या पेपरात नकाशे आणि आलेख छापले जातात. एक फोटो छापणे छपाईलाही जड नाही.

लिखित साधन हवे असेल तर शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद आहेच. बखरींतून चालत आलेली तिथी वैशाखातली, शके १५४९ म्हणजे इसवी सन १६२७ मधली. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात नोंद होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ची. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही फाल्गुन वद्य तृतीयाच आहे. चर्चा बरीच वर्षे चालली आणि पुढे शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी छापून विचारा : यांतली कोणती घटनेच्या जवळच्या काळातली? दोन स्वतंत्र साधने एकच तिथी सांगतात तेव्हा काय फरक पडतो? शिवजयंतीची मिरवणूक दरवर्षी पाहणाऱ्या मुलाला ही तारीख कागदपत्रे ताडून ठरली हे समजले, तर राजवाड्यांवरचा भाग त्याला वेगळा शिकवावा लागणार नाही. राजवाड्यांनी वाईला सापडलेल्या कागदांपासून सुरुवात केली, १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि असे २२ खंड उभे केले, ते हेच काम करत. आज या बावीस खंडांचा मुलांना उपयोग होतो तो ‘किती खंड?’ या एका वाक्याच्या उत्तरापुरता.

मौखिक साधने तर घरात आहेत. लातूर विभागीय मंडळाच्या हद्दीतल्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारीच्या परिसरात होते. लालबाग-परळमधल्या मुलांच्या घरात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप पाहिलेले कोणी ना कोणी आहे. अंतर्गत मूल्यमापनासाठी एका माणसाची मुलाखत आणि त्या घटनेची छापील बातमी, एवढे दोन कागद मागितले तरी शाळेच्या हातातल्या वीस गुणांतला काही भाग खऱ्या कामाचा होईल. आज ते गुण कसे भरले जातात हे मंडळाला कोणी नव्याने सांगायला नको.

हरकत येईल ती तपासणीची. सुमारे पंधरा-सोळा लाख उत्तरपत्रिका, नऊ विभागीय मंडळे, हजारो परीक्षक. मोकळ्या उत्तराला एका परीक्षकाने दोन आणि दुसऱ्याने शून्य गुण दिले तर? ही हरकत खरी आहे आणि तिला बगल देऊ नये. पण मंडळाच्या नमुना उत्तरपत्रिकेत आजही मुद्द्यांना गुण आहेत. साधनावरच्या प्रश्नात तेच करायचे, फक्त मुद्दा बदलायचा : साधनातली खूण दाखवली, तर एक गुण, त्या खुणेवरून पटेल असा निष्कर्ष काढला, तर एक. निष्कर्ष परीक्षकाला आवडला की नाही, याला गुण नाही. मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ तपासणाऱ्या शिक्षकांना हे अवघड जाण्याचे कारण दिसत नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसई इतिहासात जुनी पत्रे, व्यंगचित्रे, बातम्या छापून त्यांवर प्रश्न विचारतात. त्या परीक्षेला बसणारी मुले पुण्या-मुंबईतच, आपल्या शाळांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. भरमसाट फी भरणाऱ्याच्या मुलाला साधन वाचायला मिळावे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून वर आलेल्याला फक्त जोड्या, हे मंडळालाही पटणार नाही.

दुसरी भीती गाईडवाल्यांची. ‘अपेक्षित वीरगळ’ छापून येतील, क्लासवाले ‘साधनाचे साचे’ पाठ करून घेतील. घेऊ देत. एखाद्या मुलाने क्लासमध्ये दहा वीरगळ पाहिले आणि परीक्षेत अकरावा आला, तर तयारी फुकट जात नाही. ते मूल दहा वीरगळ वाचायला शिकले.

आणि आता वेळही आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी पुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत. दहावीचे पुस्तकही केव्हातरी बदलेल. नवे पुस्तक कसे असेल ते बालभारती ठरवील. सध्याच्या पुस्तकातली इतिहासलेखनाची प्रकरणे नव्यात टिकतील की पुन्हा सालांची यादी येईल, हे सांगता येत नाही. तोवर प्रश्नपत्रिका मंडळाच्याच हातात आहे, आणि मुले कशाचा अभ्यास करतात हे पुस्तकापेक्षा प्रश्नपत्रिकाच ठरवते.

हा बदल एका मार्चमध्ये अचानक करू नये, एवढे मात्र जरूर पाहावे. जूनमध्ये शाळा सुरू होतानाच परिपत्रक निघावे. दिवाळीपूर्वी प्रत्येक विभागीय मंडळाने आपापल्या भागातली चार-पाच साधने, त्यांवरचे नमुना प्रश्न आणि गुणदान योजना शाळांना पाठवावी : कोकण मंडळाने जलदुर्गांची, नागपूरने भोसल्यांच्या काळातल्या कागदपत्रांची, अमरावतीने आपल्याकडच्या शिलालेखांची. पुण्याला तर पेशवे दप्तर आणि १९१० पासूनचे भारत इतिहास संशोधक मंडळ मंडळाच्या दारातच आहेत; तिथल्या चार कागदांची मोडीवरून देवनागरी करून घ्यायला एक पत्र पुरेल. पहिल्या वर्षी चार गुणांत पर्याय ठेवावा, म्हणजे जुना उतारा किंवा नवे साधन यांतले एक सोडवता येईल. कोणत्या विभागात किती मुलांनी साधनाचा पर्याय निवडला आणि त्यांना किती गुण पडले, ते मंडळाने निकालाबरोबर प्रसिद्ध करावे.

कळावे.

इतिहासाच्या पेपराचा एक वाचक