सांध्यांना हवा भार आणि विसावा

साठी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे कुरकुरू लागले की घरात पहिली सूचना होते, "आता बसून राहा." सुना पाण्याचा पेला जागेवर आणून देतात, मुलगा जिना चढू देत नाही, बाजारहाट नोकराकडे जातो. या मायेमागे एक समजूत असते, की सांधा म्हणजे यंत्राचा भाग. वापरावा तितका झिजतो आणि वाचवावा तितका टिकतो. ही समजूत अर्धीच खरी आहे.

हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत, पांढरट अस्तर असते त्यास कूर्चा म्हणतात. गुडघ्यात तिची जाडी साधारणतः २ ते ४ मिलिमीटर. तिच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो. विशेष म्हणजे तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. आतील पेशींना अन्न मिळते ते सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा किंचित दबते व थोडे पाणी बाहेर पडते. पाऊल उचलले की ते पुन्हा शोषले जाते. या दाबण्या-सोडण्याने द्रव खेळता राहतो, आणि झीज भरून काढण्याचा संदेशही पेशींना मिळतो. व्यापारी वाचकांना हे निराळे सांगायला नको. भांडवल खेळते असले तरच पेढी चालते.

भारच नाहीसा झाला तर काय होते? मणक्याच्या दुखापतीने पाय लुळे पडलेल्या रुग्णांत गुडघ्याची कूर्चा वर्षभरात मोजण्याइतकी पातळ झालेली आढळली आहे. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के, न धावणाऱ्यांपैकी १०.२ टक्के, तर स्पर्धेसाठी धावणाऱ्यांपैकी १३.३ टक्के लोकांत गुडघ्याचा वा खुब्याचा संधिवात दिसला. धावणारे मुळातच सडपातळ असतात, हे ध्यानात घेऊनही या आकड्यांचा कल बोलका आहे. अभाव बाधतो, तसा अतिरेकही.

अतिरेकाचे नेहमीचे रूप म्हणजे वाढलेले वजन. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट, तर जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट भार येतो. २००५ साली अमेरिकेत स्थूल ज्येष्ठांवर झालेल्या अभ्यासात एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार चार किलोंनी कमी झाल्याचे दिसले. शिवाय कूर्चेत संवेदनेच्या नसाही नाहीत. त्यामुळे झीज सुरू झाल्याचे ती स्वतः सांगत नाही, आणि गेलेली कूर्चा फारशी भरून येत नाही. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी हे १७४३ सालीच नोंदवून ठेवले होते.

म्हणून गादीवर तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. रोज सपाट जागी फिरावे व चालण्याचा पल्ला हळूहळू वाढवावा. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलण्याच्या व्यायामाने मांडीचे स्नायू बळकट होतात व सांध्याला आधार मिळतो. गुडघा सुजला, गरम लागला किंवा मध्येच अडकू लागला, तर मात्र प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर घरातील वडीलधाऱ्यांची भाजी आणायची सकाळची फेरी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. पिशवी हलकी ठेवावी, एवढेच.