स्वस्त आहे, पण कशामुळे?

पावसाळ्यात किनाऱ्यावरचा आपला तंबू-बोटींचा धंदा माळ्यावर असतो आणि ऑगस्ट सरता सरता सगळ्यांनाच एकदम जाग येते. मेच्या सुट्टीत किती तंबूंच्या चेन अडकल्या, किती लाइफ जॅकेटांची बकले तुटली, दिवाळीच्या आत काय काय भरायचे, याची यादी निघते. मग दिवेआगरातून कोणी ताम्हिणी चढून पुण्याला जातो, कोणी माणगाववरून मुंबई गाठतो आणि 'अर्ध्या किमतीत मिळाले' म्हणून खुशीत परततो. त्यात काहीच वाईट नाही. आठ महिने कमाई आणि चार महिने पाऊस असे ज्याचे वर्ष, त्याने घासाघीस करायची नाही तर कोणी? फक्त किंमत पाडून झाली की दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारावा: हे स्वस्त कशामुळे?

रंग खपला नाही, मापे उरली, नवे मॉडेल आले म्हणून स्वस्त असेल, तर डोळे झाकून घ्या. पाहुण्याला तंबू पोपटी की जांभळा याने फरक पडत नाही. शिलाई चुकली म्हणून सेकंडमध्ये गेलेला माल असेल, तर ती शिलाई कुठली ते पाहा. खिशाची असेल तर हरकत नाही, तळाची असेल तर सोडा. पण माल नुसता जुना झाला म्हणून स्वस्त असेल, तर तिथे थांबावे. जुने म्हणजे वापरलेले असेच नव्हे. पिशवीतून एकदाही न निघालेला तंबूसुद्धा म्हातारा होतो.

तंबूच्या कापडाला पाणी अडवण्यासाठी आतून बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो. हवेतल्या दमटपणाने हा लेप गोदामातच हळूहळू विरघळू लागतो. आधी आंबूस वास येतो, मग कापड चिकट होते आणि शेवटी पापुद्रे सुटतात. बुटांच्या तळातही हाच पदार्थ असतो. पाच-सहा वर्षे खोक्यात राहिलेला बूट दिसायला कोरा करकरीत असतो, आणि तुमचा गाइड हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या ओल्या खडकांवर पाहुण्यांना घेऊन उतरतो तेव्हा त्या बुटाचा तळ गळून हातात येतो. भिवंडीच्या गोदामात चार पावसाळे काढलेला माल आपण आणखी दमट हवेत आणणार आहोत, हे लक्षात असू द्या. म्हणून दुकानातच तंबू पूर्ण उलगडून नाक लावा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. शिवाय वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे बंद पाकिटावर महिना आणि वर्ष छापावे लागते. सवलतीचा लाल स्टिकर नेमका त्यावरच चिकटवलेला असेल तर सोलून वाचा.

खरी काळजी लाइफ जॅकेटांची. मुंबईत दारूखान्यात आणि गुजरातेत अलंगच्या रस्त्याला मोडीत निघालेल्या जहाजांवरचा माल विकायला असतो. खुर्च्या, भांडी, दोर, दिवे आणि नारिंगी जॅकेटांचे ढीग. शिटी आहे, चमकणारी पट्टी आहे, आंतरराष्ट्रीय मानकाचा छापही आहे. हात लावला की घ्यावेसे वाटते, हे कबूल. पण जहाज मोडीत निघते ते साधारण पंचवीस-तीस वर्षांनी. त्यावरचे जॅकेट मधे कधी बदलले, किती उन्हात टांगले होते, त्याच्यावर किती जण बसले, हे कोणीच सांगू शकत नाही. फोम दाबून दाबून बसला की तरंगण्याची ताकद जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यातून ती जॅकेटे जहाज सोडून उडी मारणाऱ्या मोठ्या माणसासाठी केलेली. बनाना बोटीवरून पडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या अंगात ती राहणारच नाहीत.

आपल्याकडे आधीच असलेल्या जॅकेटांचीही परीक्षा घ्या. 100 न्यूटनचे जॅकेट म्हणजे पाण्यात साधारण दहा किलोची उचल. दहा किलोचे लोखंडी वजन पाण्यात पावणेनऊ किलोच्या आसपास भरते. जॅकेटाला ते बांधून टाकीत सोडा, आरामात तरंगले पाहिजे. मग चोवीस तास बुडवून ठेवा आणि पुन्हा तेच करा. जहाजांच्या मानकात चोवीस तासांनी पाच टक्क्यांहून जास्त घट चालत नाही. जे बुडाले ते कापून टाका. नुसते बाजूला ठेवलेत तर 31 डिसेंबरच्या गर्दीत कोणीतरी ते बाहेर काढणारच.

दोराचेही तेच. ज्यावर माणूस लटकतो किंवा ज्याने बोट माणसाला ओढते तो दोर कधीही सवलतीत किंवा जुन्या बाजारात घेऊ नये. नायलॉनचा चढाईचा दोर न वापरताही दहा वर्षांनी बाद धरतात. बाकीच्या दोरांसाठी मात्र पुण्या-मुंबईला जायचीच गरज नाही. भरडखोलला किंवा श्रीवर्धनच्या जीवना बंदरात मासेमारीचे सामान मिळते. तंबू ताणायला तिथला दोर घ्या. कोळी बांधवांनी तो खाऱ्या पाण्यात आणि उन्हात आपल्याआधी तपासलेला आहे, आणि 'दर्यावर्दी' असे लेबल नसल्यामुळे तो स्वस्तही आहे.

तंबूच्या खोक्यातल्या खुंट्यांबद्दलही बोलायला हवे. त्या मातीसाठी असतात. दिवेआगरच्या पुळणीत वीतभर खुंटी संध्याकाळच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. रिकाम्या गोणीत वाळू भरून, दोर बांधून ती हातभर खोल पुरा. फुकटात काम होते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने इथल्या नारळी-पोफळी झोपवल्या. तसल्या वाऱ्यात तंबू वाचवायचा नसतो, आधीच उतरवायचा असतो.

मग सवलतीत घ्यायचे काय? ॲल्युमिनियमच्या काड्या, भांडी, टेबल-खुर्च्या, फोमच्या चटया, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, कंदील. डेकॅथलॉनने 2009 मध्ये बंगळुरूला पहिले दुकान काढल्यापासून या वस्तूंचा दर्जा आणि किंमत दोन्ही आपल्या आवाक्यात आले आहेत. एक युक्ती आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल: दरवर्षी एकाच मॉडेलचे तंबू घ्यावेत. मग फायबरची काडी तुटलेला, एक दार फाटलेला तंबू कोणी भंगारात देत असेल, तर तो आपल्या कामाचा ठरतो. त्यातून काड्या, चेनचे रनर, छताचे कापड निघते. वेगवेगळ्या पाच कंपन्यांचे पाच स्वस्त तंबू घेतले, की एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही.

लाइफ जॅकेट आणि ओढायचा दोर नवाच घ्यायचा, तर तो महाग पडणार. त्यावर उपाय एकत्र खरेदीचा. आरावी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या बोटवाल्यांनी एकच मोठी मागणी नोंदवली, तर घाऊक भाव मागता येतो आणि प्रत्येकाची गाडीभाड्याची फेरीही वाचते. पक्के बिल घ्या. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने नोंदणी सक्तीची केली आहे, आणि काही बरेवाईट झाले तर जॅकेट कधी, कुठून घेतले हे पहिल्यांदा विचारले जाईल. जुना बाजार असा कागद देत नाही.

स्लीपिंग बॅगा फेब्रुवारीत फार स्वस्त होतात, आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्या डझनाने घेऊन येतो. दिवेआगरला शून्य अंशाची बॅग कशाला हवी? घामाने ओली झालेली बॅग धुवायची कशी आणि वाळवायची कुठे? त्यापेक्षा सोलापुरी चादर घ्या. ती रोज धुता येते, सुरूच्या दोन झाडांमध्ये वाळते, आणि जुनी झाली की बोट पुसायला कामाला येते.