बाबांनी शिवलेला फ्रॉक

आमच्या घरी शिवणाचे मशीन होते, पण ते आईचे होते. दिव्यातल्या चाळीत आमची एक खोली, तिच्या खिडकीखाली ते मशीन. त्यावर आई शेजारणींचे ब्लाउज शिवी, साड्यांना फॉल लावून देई. बाबांचा त्या मशीनशी संबंध एवढाच, की पहाटेची लोकल गाठण्याच्या घाईत त्यांचा गुडघा रोज त्याच्यावर आपटे.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि बाबा घरी बसले. आईला मात्र मास्क शिवण्याचे काम मिळाले होते. तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. धाकटी बहीण तीन वर्षांची, तिचे फ्रॉक आखूड झालेले, कापडाची दुकाने बंद. एके दिवशी आई बाबांना म्हणाली, "तुमचे हात रिकामेच आहेत ना? दुपारी मी जरा पडते, तेवढ्यात मशीनवर बसा. मी सांगते तसे करा."

बाबा बसले. पहिले काही दिवस दोरा गुंतण्यात आणि सुया मोडण्यात गेले. मग आईने वर्तमानपत्राच्या कागदावर माप कापून दिले, आजीची जुनी सुती साडी काढून दिली, आणि बाबांनी फ्रॉक शिवायला घेतला. एक मुंढा वर, दुसरा खाली. उसवला. पुन्हा शिवला, तर गळ्याची उरेब पट्टी पिळवटली. पुन्हा उसवला. शेवटी तो अंगात घातला तेव्हा बहीण म्हणाली, "बाबा, हात वर होत नाही." बाबांनी निमूटपणे तिसऱ्यांदा शिवण उसवली. मी खो खो हसलो होतो. आज हा लेख लिहितो आहे तो त्या हसण्याची लाज वाटते म्हणून.

हाताने केलेल्या वस्तूंचे गोडवे गाणारे लेख पुष्कळ असतात. त्यांत भर घालण्याची माझी इच्छा नाही. माझ्या आजीला विचाराल तर ती सांगेल, की घरी शिवलेले झबले आणि चिंध्यांची बाहुली ही तिच्या काळी हौस नव्हती, नाइलाज होता. दुकानातला तयार फ्रॉक हे तिच्या पिढीचे स्वप्न होते. शिवाय ज्याचे रोजचे तीन-चार तास गाडीच्या गर्दीत जातात, त्याला "मुलांसाठी खेळणी घरी करा" असा उपदेश करणे ही चेष्टाच होय. गाडीत दहा-वीस रुपयांना मिळणारे प्लॅस्टिकचे खेळणे घेऊन घरी येणाऱ्या बापाचे प्रेम मी कमी मानत नाही.

तरीही माझे म्हणणे असे, की त्या वाकड्या फ्रॉकातून माझ्या बहिणीला जे मिळाले ते दुकानात मिळत नाही. मोठी माणसे सर्व जाणतात, असे लहान मुलांना वाटत असते. तिने आपल्या बापाला न येणारी गोष्ट शिकताना पाहिले. तो चुकतो, उसवतो, आईला विचारतो आणि पुन्हा बसतो, हे मशीनखाली बसून पाहिले. तयार वस्तूत चुका दिसत नाहीत आणि त्या दुरुस्त करणारे हातही दिसत नाहीत.

ही गोष्ट आपल्याच भागातल्या थोर माणसांनी फार पूर्वी ओळखली होती. दिव्याहून वसईकडे गाडी जाते. त्याच वाटेने पुढे गेले की डहाणू तालुका लागतो. आज तो पालघर जिल्ह्यात असला, तरी २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. तेथे बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतूनच साधने घडवली. अगदी अलीकडे अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून मुलांना भूमिती शिकवली. आयआयटीत शिकलेला हा इंजिनियर टाकाऊ वस्तूंची खेळणी करण्यात आयुष्य घालवतो, याचा अर्थ हे काम क्षुद्र नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग अडते कोठे? माझ्या मते अडते ते पैशापेक्षा लाजेपाशी. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. पण समाजाच्या मनात शिवण मुलींची आणि हातोडी मुलांची, ही वाटणी तशीच राहिली. गंमत अशी, की पैशासाठी पुरुष शिवतो तेव्हा त्याला आपण मानाने टेलरमास्तर म्हणतो, आणि स्वतःच्या मुलीसाठी शिवतो तेव्हा हसतो! बाबा मशीनवर बसले की आई दार लोटून घेई. शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून. त्या लोटलेल्या दाराची मला आज खंत वाटते.

गणपतीला आम्ही दिव्याहूनच सुटणाऱ्या गाडीने सावंतवाडीला जातो. तेथील चितारआळीत लाकडी फळे, भातुकली, पांगुळगाडे रंगवताना घरातले पुरुष आणि बायका दोघेही दिसतात. तेथे कोणी दार लोटून घेत नाही. एका गावाला जे जमते ते आपल्याला का जमू नये?

माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. त्यांत एक दिवस शिवणाचा आणि खेळण्यांचा ठेवावा आणि त्याला मुलांनीही बसावे. काज-बटण, साधे झबले, कापडी चेंडू एवढे आले तरी पुरे. उद्या आपल्यापैकी बहुतेकजण आईबाप होणार आहोत. तेव्हा वेळ नसेल, हे मान्य. पण लाज तरी नसावी.

लोकल सुरू झाल्या, बाबा पुन्हा गर्दीत गेले आणि मशीन पुन्हा आईचे झाले. तो फ्रॉक बहिणीला कधीच लहान झाला. परवा ती बाहुलीसाठी काहीतरी शिवत होती. टाका चुकला, तशी तिने कात्री घेतली आणि कोणालाही न सांगता शिवण उसवली. मी या वेळी हसलो नाही. सुईत दोरा ओवून दिला.