उभी बाटली, आडवी बाटली

आमच्या विदर्भात पेरूला जाम म्हणतात. उर्दू शायर मात्र जाम म्हणतो तो मद्याच्या प्याल्याला. आणि नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला चंद्रपूरचा फाटा जिथे फुटतो, ते वर्धा जिल्ह्यातले जाम गाव अशा मुलखात आहे की तिथे पेरू हवे तेवढे खावेत, पण शायराचा जाम भरणे हा गुन्हा! गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले, १९३६ साली शेगावात, म्हणजेच पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्या पुण्याईचा मान म्हणून गेली पन्नासएक वर्षे हा जिल्हा दारूबंदीचा आहे. शेजारचे नागपूर, अमरावती, यवतमाळ हे जिल्हे तसे नाहीत. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि २०२१ साली उठली. एका सरकारने आणली, दुसऱ्या सरकारने उठवली. माणसे तीच, तहान तीच. पाप-पुण्याचा हिशेब तेवढा मंत्रिमंडळाबरोबर बदलला.

ही गंमत आपल्याकडचीच आहे असे मात्र कुणी समजू नये. साऱ्या जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या अमेरिकेने हा प्रयोग आपल्याआधी करून पाहिला आहे. आणि गमतीची गोष्ट अशी की, त्या प्रयोगाची पूर्वतयारी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांत आपल्या पंडिता रमाबाई होत्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ पाहायला रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या, पुढे दोन-अडीच वर्षे तो देश हिंडल्या आणि १८८९ साली त्यांनी त्यावर मराठीत एक सुरेख पुस्तक लिहिले. दारूविरुद्ध संघटना उभारणाऱ्या तिथल्या ख्रिस्ती बायकांचे त्यांना मोठे कौतुक वाटले होते. का वाटू नये? नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते आणि घरी चूल पेटत नाही, हे दुःख ओहायोत काय आणि ओतूरला काय, सारखेच! त्या बायकांना मताचा अधिकार नव्हता. म्हणून त्या गुत्त्याच्या दारात गुडघे टेकून प्रार्थना करीत. त्या प्रार्थनेने काही गुत्तेवाल्यांनी आपणहून पिंपे गटारात ओतली.

पुढे मात्र प्रार्थनेची जागा हिशेबाने घेतली. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे पंथांच्या चर्चच्या बळावर ‘अँटी सलून लीग’ नावाची संस्था १८९३ साली निघाली. तिचे तंत्र साधे होते. उमेदवार कोणत्या पक्षाचा, हे विचारायचे नाही. तो स्वतः घरी पितो का, हेही विचारायचे नाही. कायदेमंडळात त्याने बंदीच्या बाजूने हात वर केला म्हणजे झाले! या तंत्राने दोन्ही पक्ष वाकले आणि १९२० च्या जानेवारीत सबंध देशात दारूबंदी झाली. धर्म आणि सरकार यांच्यामध्ये भिंत असावी, असे जेफर्सनने १८०२ साली एका पत्रात लिहिले होते. त्या भिंतीला कोणी हात लावला नाही. तिला वळसा घालून मतपेटीच्या दाराने सारे आत शिरले.

मग काय झाले? चोरटी दारू आली, टोळ्या आल्या, लाच आली. धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला कायद्यात सूट होती, तेव्हा त्याची मागणी एकाएकी वाढली. १९२८ च्या निवडणुकीत आल्फ्रेड स्मिथ हे बंदीच्या विरोधातले आणि शिवाय कॅथलिक. त्यामुळे त्यांच्यावर दारूबद्दल टीका होत होती की धर्माबद्दल, हे सांगणे कठीण झाले. ते पडले. पण पाच वर्षांनी, १९३३ च्या डिसेंबरात, बंदीही पडली. घटनेची एक दुरुस्ती दुसऱ्या दुरुस्तीने पुसून टाकावी लागली, असे त्या देशात एकदाच घडले आहे.

हा धडा आपल्या घटनाकारांपुढे नव्हता असे नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत दारूबंदीवर चर्चा झाली, तेव्हा कोल्हापूरच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकरांनी विरोध केला. आदिवासींच्या वतीने जयपालसिंग म्हणाले की, आमच्या धर्मकार्यातच तांदळाची दारू लागते. मग तुमच्या धर्माने आमच्या धर्मावर बंदी घालायची का? तरीही सत्तेचाळीसावे कलम आले. मुंबई राज्याचा कायदा १९४९ सालचा. १९५१ साली बालसरा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला बराच भाग राखला. पण औषधी आणि प्रसाधने यांत मद्यार्क असला म्हणून ती जवळ ठेवणे हा गुन्हा होऊ शकत नाही, आणि मद्याची नुसती प्रशंसा करणे हाही गुन्हा होऊ शकत नाही, असे सांगितले. वर्गात कविता शिकवणाऱ्या आम्हां मास्तरांवर न्यायमूर्तींचे केवढे हे उपकार!

सरकारचा हात कुठवर पोचतो, हे त्या निकालापेक्षाही आपल्याकडची तुळशीची माळ अधिक चांगले सांगते. वारकऱ्याने माळ घातली की मद्यमांस सुटले. त्याच्यावर फौजदार नेमावा लागत नाही, त्याला परवाना लागत नाही आणि सरकार बदलले म्हणून त्याची माळ तुटत नाही. गाडगेबाबांनी कीर्तनातून, तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या भजनातून किती माणसांची बाटली सोडवली, याची नोंद कुठल्या खात्यात नाही. धर्माला माणसाकडून शपथ घेता येते. सरकारला जामसारख्या चौकात मोटारीची डिकी उघडून पाहता येते. पहिले काम दुसऱ्याकडे सोपवले की शपथही जाते आणि डिकीतला माल तर जातोच!

मग कायदा नकोच का? तसे म्हणणे मला पुरुषी आळशीपणाचे वाटते. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली ती गावोगाव आधी चळवळ होऊन. २०१० साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बायका चिमूरहून नागपूरला विधानभवनापर्यंत पायी गेल्या. त्यांना कोणी गाडीत घालून नेले नव्हते. पण त्यांची मागणी निवडणुकीच्या जाहीरनाम्यात शिरली, आणि एकदा ती पक्षाची झाली म्हणजे तिचे आयुष्यही पक्षाच्या सत्तेएवढेच उरते.

महाराष्ट्राच्या कायद्यात एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. गावातले दुकान बंद करावे की नाही, यावर बायकांचे गुप्त मतदान घेता येते. चिठ्ठीवर दोन चित्रे : उभी बाटली आणि आडवी बाटली. रमाबाईंनी पाहिलेल्या अमेरिकन बायकांना जे मिळाले नव्हते, ते हे. इथे ना धर्मगुरू, ना पक्षाचे चिन्ह. ज्या घराचे नुकसान होते त्या घरातली बाई शिक्का मारते.

हे मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितले. जामजवळच्या एका खेड्यातून येणारी मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्या गावात दुकानच नाही. मग आडवं काय करायचं? आमच्याकडे बाटली मोटारसायकलवर बसून येते. ती गाडी कोणाची हे साऱ्या गावाला माहीत आहे, आणि तो कोणत्या पक्षाच्या मोर्चात पुढे असतो तेही.”

सबंध जिल्ह्याला पुण्यवान ठरवताना त्या मुलीच्या आईच्या हातातली चिठ्ठी आपण काढून घेतली आहे. ज्या दुकानाला परवाना असतो त्याला बंद तरी पाडता येते. जे नाहीच असे कागदोपत्री ठरले आहे, त्याच्याविरुद्ध मत कुठे टाकायचे? बंदी ठेवायची तर सरकारने आपले साधे काम करावे : ती मोटारसायकल अडवावी, आणि रात्री मार खाणाऱ्या बाईची तक्रार, गाडीवाला कोणाचा आहे हे न पाहता, लिहून घ्यावी. एवढे सरकारला जमण्यासारखे आहे. गावाला माळ घालण्याचे काम कीर्तनकारांकडे राहू द्यावे. त्यांना ते जास्त चांगले येते.