मांजराची जखम, माणसाचा हात

रात्री गल्लीत कुत्र्यांचा गलका होतो आणि थोड्या वेळाने शांत होतो. सकाळी दार उघडावे तर पायरीशी बोका अंग चोरून बसलेला दिसतो. मानेजवळचे केस ओले आणि चिकटलेले असतात, मागचा एक पाय तो टेकवत नाही. घरातली बाई धावत जाऊन त्याला उचलू पाहते आणि एरवी मांडीवर झोपणारा तोच बोका तिच्या मनगटाला कडकडून चावतो. मग हळद दोघांनाही लागते, बोक्याच्या मानेला आणि बाईच्या मनगटाला. ‘घरचंच मांजर आहे, काही होत नाही,’ असे म्हणून विषय संपतो.

असा प्रसंग कोणत्याही गावात, चाळीत किंवा सोसायटीत घडू शकतो. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, उलट मायाच असते. पण या मायेत तीन चुका एकदम होतात. मांजराची जखम दिसते तेवढीच धरली जाते, तिच्यावर चुकीचे उपचार होतात आणि माणसाच्या हाताला झालेला चावा मोजलाच जात नाही. यातली तिसरी चूक जिवावर बेतू शकते.

पहिली चूक जखमेच्या आकाराची. कुत्रा मांजराला धरतो तेव्हा नुसते दात रोवत नाही, तोंडात धरून झटके देतो. मांजराची कातडी सैल असते. ती दाताबरोबर सरकते आणि सुटली की जागेवर येते. त्यामुळे वर मुगाएवढे भोक दिसते, पण खाली स्नायू फाटलेले, कातडी मांसापासून सुटलेली, कधी बरगडी मोडलेली किंवा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल फाटलेला असू शकतो. दुसऱ्या बोक्याशी भांडण झाले असेल तर चित्र वेगळे असते. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असतात. त्यांनी केलेले छिद्र काही तासांत बुजते आणि तोंडातले जंतू आत अडकतात. दोन ते पाच दिवसांनी तिथे गळू येते, ताप चढतो आणि मांजर कोपऱ्यात जाऊन खाणे सोडते. ‘परवा तर बरे होते’ असे मालक म्हणतात ते खरेच असते. पू धरायला तेवढे दिवस लागतात.

म्हणून कुत्र्याने धरलेले मांजर चालत घरी आले तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. काही लक्षणांत तर क्षणभरही थांबू नये. मांजर तोंड उघडे ठेवून धापा टाकत असेल, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या असतील, पंजे गार लागत असतील, मागचे पाय ओढत असेल, लघवी होत नसेल किंवा छाती-पोटावर भोक असेल, तर घरी काही करत बसण्यात वेळ घालवू नये. कुत्र्याप्रमाणे मांजर सहसा तोंड उघडून श्वास घेत नाही. घेऊ लागले तर ती धोक्याची खूण समजावी.

दवाखान्यात नेईपर्यंत करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. मांजराला थेट हाताने उचलू नये. जाड टॉवेल किंवा जुनी गोधडी वरून टाकावी, डोके झाकावे आणि सगळे गाठोडे टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे. अंधारात मांजर लवकर शांत होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटे सलग दाबून धरावे, मधेच उचलून पाहू नये. वरची घाण सलाईनने किंवा कोमट स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावी. छाती किंवा पोटावरच्या भोकात मात्र पाणी सोडू नये. बळजबरीने दूध-पाणी पाजू नये, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

दुसरी चूक उपचारांची. हळद दाबून भरली की भोक बुजते आणि पू आत राहतो. शिवाय जखम किती खोल आहे हे तपासणाऱ्याला दिसत नाही. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी फिनॉल वर्गातली जंतुनाशके माणसाला चालतात, मांजराला चालत नाहीत. मांजर अंग चाटते, औषध पोटात जाते आणि त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेतल्या चांगल्या पेशीही जाळतात.

याहून घातक म्हणजे दुखणे कमी व्हावे म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी. माणसाच्या घराघरात असलेली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निष्प्रभ करण्याची माणसाच्या यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. विषारी घटक साठतात, रक्तातले हिमोग्लोबिन बदलते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो. लहान मुलांचे तापाचे सिरपही तेच औषध आहे, म्हणून तेही देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांचाही मांजराच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला मोठा धोका आहे. मांजरासाठी वेगळी वेदनाशामके आहेत, ती पशुवैद्यकानेच द्यावीत.

दवाखान्यातून परत आल्यावर मांजर आठ-दहा दिवस घरात, एका खोलीत ठेवावे. गळ्यातली कॉलर काढू नये, नाहीतर ते टाके चाटून उसवते. खाण्याकडे विशेष लक्ष हवे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो, आणि अंगाने भरलेल्या मांजरात तो लवकर होतो.

आता तिसरी चूक, बाईच्या मनगटाची.

मांजराचा चावा दिसायला किरकोळ असतो, पण बारीक सुळा खोल जातो. मनगटावर आणि बोटांवर कातडीखाली लगेच कंडरा आणि सांधे असतात. मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला हा जंतू तिथे पोहोचला की एका दिवसाच्या आत हात लाल होतो, सुजतो, ठणकतो. बोट वाकेनासे झाले किंवा लाल रेघ वर चढू लागली तर तो तातडीचा रुग्ण असतो. मधुमेही माणसांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी सूज येण्याचीही वाट पाहू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते तेही डॉक्टरांना सांगावे.

पण मुख्य प्रश्न रेबीजचा आहे. माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्यामुळेच होतो, हे खरे. मात्र कुत्रा आणि माणूस यांच्यामध्ये मांजर असू शकते, हे आपण विसरतो. कुत्र्याने फाडलेल्या मांजराला हाताळणाऱ्या माणसापुढे दोन वेगवेगळे धोके असतात आणि त्यांची घड्याळेही वेगळी असतात.

पहिले घड्याळ त्याच सकाळचे. काल रात्री चावा बसलेल्या बोक्याच्या लाळेत त्या चाव्यातला विषाणू आज सकाळी येत नाही, त्याला आठवडे लागतात. पण कुत्र्याची ओली लाळ बोक्याच्या केसांवर आणि जखमेत असू शकते. ती बाईच्या ताज्या ओरखड्यात, डोळ्यात किंवा तोंडात जाणे शक्य आहे. वाळल्यावर आणि उन्हात हा विषाणू लवकर मरतो, म्हणून हा धोका छोटा आहे, पण शून्य नाही. शिवाय ज्याचे लसीकरण झालेले नाही असा भटका बोका पूर्वीच कधी चावला गेला नसेल, याची खात्री कोण देणार?

दुसरे घड्याळ संथ आहे. कुत्रा पिसाळलेला असेल तर बोक्याला रेबीज होण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. जखम भरते, केस उगवतात, प्रसंग विसरला जातो. मग एके दिवशी बोका अंधारात लपू लागतो, आवाज बदलतो, लाळ गळते, विनाकारण अंगावर येतो. तेव्हा तो ज्याला चावेल त्याला दोन महिन्यांपूर्वीचे भांडण आठवायला हवे.

इथे दहा दिवसांच्या निरीक्षणाविषयीचा गैरसमज दूर करायला हवा. कुत्रा किंवा मांजर चावल्यानंतर १० दिवस निरोगी राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. ते १० दिवस माणसाला झालेल्या चाव्याचे उत्तर देतात. कुत्र्याने मांजराला चावल्यावर मांजर १० दिवस ठीक राहिले, म्हणून त्याला रेबीज होणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. लस घेतलेल्या मांजराला लगेच पुन्हा लस देऊन सुमारे ४५ दिवस लक्ष ठेवतात. लस न घेतलेल्या मांजराबाबत काय करायचे, हे पशुवैद्यकाने ठरवायचे असते. अशा मांजरावर काही महिने नजर ठेवावी लागते आणि मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे लागते.

माणसाने मात्र निरीक्षणाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे नसते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. मग पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तिखट काहीही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त न आलेला ओरखडा असेल तर लस लागते. रक्त आले असेल किंवा लाळ उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात गेली असेल, तर लशीबरोबर जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लशीमुळे शरीर स्वतःचे संरक्षण तयार करीपर्यंतचे दिवस ते सांभाळते. त्वचेत देण्याच्या लशीच्या फेऱ्या ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. मांजर १० दिवस ठणठणीत राहिले तर पुढच्या फेऱ्यांचे काय, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रेबीजवर खात्रीचा उपचार नाही. लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला १८८५ मध्ये पहिली लस दिली, त्याला १४० वर्षे उलटली. लस आहे, तरीही माणसे मरतात, कारण चावा ‘मोजण्यासारखा’ वाटत नाही.

तो तसा वाटावा यासाठी रुग्णालयांनाही काही करता येईल. चाव्याचा रुग्ण बाह्यरुग्ण विभागात आला की केसपेपरवर ‘कॅट बाइट’ एवढे लिहून इंजेक्शनच्या खोलीकडे पाठवले जाते. त्या मांजराला लस दिली आहे का, त्याला गेल्या काही महिन्यांत कुत्रा चावला होता का, ते आता कुठे आहे, हे गर्दीत विचारायचे राहून जाते. तिकडे पशुवैद्यकीय दवाखान्यात बोक्याचे टाके व्यवस्थित पडतात, पण तो घेऊन आलेल्या माणसाच्या हाताकडे पाहायला कुणाला सांगितलेले नसते. दोन खाती, दोन नोंदवह्या आणि मध्ये एकच चावा. मुंबईत परळला जनावरांचे जुने बाई साकरबाई रुग्णालय, १८८६ चे पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८९९ ची हाफकिन संस्था आणि १९२६ चे केईएम रुग्णालय एकाच परिसरात उभे आहेत. माणसाचे आणि जनावराचे आरोग्य शेजारी-शेजारी असते, हे त्या काळच्या शहरालाही उमगले होते, असे म्हणायला हरकत नाही. आज ‘एक आरोग्य’ या नावाने तेच पुन्हा सांगितले जाते. त्याची सुरुवात मोठ्या परिषदेतून होण्याची गरज नाही. माणसांच्या केसपेपरवर ‘प्राण्याला पूर्वी चावा?’ आणि जनावरांच्या केसपेपरवर ‘आणणाऱ्याला चावा किंवा ओरखडा?’ अशी एकेक ओळ छापली तरी पुरे. देशाने कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचे ठरवले आहे. ती ओळ त्या वाटेवरचे छोटे पण आवश्यक पाऊल ठरेल.

उरलेली जबाबदारी घराची. ‘मांजर पाळता का?’ असे विचारले की उत्तर येते, ‘पाळत नाही, येतं आमच्याकडे.’ दूध आपण देतो, नावही आपणच ठेवतो, पण लशीची वेळ आली की ते गल्लीचे होते. तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची पहिली लस, वर्षाने दुसरी आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तशी द्यावी. बोक्याची नसबंदी केली तर त्याचे भटकणे आणि मारामाऱ्या दोन्ही कमी होतात. संध्याकाळी जेवण घरात दिले की रात्री ते घरातच राहण्याची शक्यता वाढते. जे आपल्या ताटातले खाते, ते आपलेच समजावे.

त्या बाईने बोक्यासाठी हात पुढे केला, यात चूक काही नव्हती. फक्त टॉवेल आधी हवा होता आणि साबण नंतर. बोका पशुवैद्यकाकडे गेला त्याच सकाळी तिनेही रुग्णालयाची पायरी चढली असती, तर दोघांचीही काळजी खऱ्या अर्थाने घेतली गेली असती.