सव्वादहा, पण कुठले?

लासूर स्टेशनच्या गुरुजींनी वास्तुशांतीला माघातला सकाळी सव्वादहाचा मुहूर्त काढून दिला, की न्यू जर्सीत घर घेतलेल्या मुलापुढे दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, मुहूर्त मायभूमीचा, त्याच क्षणी उंबरठा ओलांडायचा. म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे पावणेबारा, भर थंडीत! दुसरा म्हणतो, सव्वादहा म्हणजे सव्वादहा. तिथल्या घड्याळात बघा आणि आत जा.

दुसऱ्याला उत्तर सोपं आहे. सव्वादहा हा आकडा लासुरातही आकाशाचा नाही. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, लासूर 75च्या आसपास. आपला सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागेच असतो. न्यू जर्सीत तर उन्हाळ्यात सरकार घड्याळं तासभर पुढे सारतं. ग्रहांना त्याची खबरही नसते.

पहिला पक्ष अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. तिथी-नक्षत्रं चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून ठरतात. दशमी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच; दाते पंचांगातली वेळ हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे घेतली की काम झालं. पण मुहूर्त नुसत्या तिथीवर निघत नाही. लग्न म्हणजे त्या जागेच्या पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. लासुरात एक उगवते तेव्हा न्यू जर्सीत दुसरीच. राहुकाळही तिथल्याच सूर्योदय-सूर्यास्तावरून मोजायचा. लासूरचं लग्न न्यू जर्सीच्या दाराला लावणं हे शास्त्र नव्हे, घरची ओढ आहे.

आणि संकल्प काय सांगतो? कर्म जिथे घडतंय ती जागा आधी उच्चारायची. लासुरात आपण गोदावरीचा उत्तर तीर म्हणतो. अमेरिकेतले कित्येक पुरोहित जंबुद्वीप सोडून क्रौंचद्वीप म्हणतात. तोंडाने क्रौंचद्वीप आणि वेळ गोदातीराची, हा कुठला मेळ?

मुहूर्तच नको म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. त्यांनी किल्ली मिळताच राहायला जावं. ज्यांना हवा, त्यांनी गुरुजींना गावाचं नाव आणि तिथली तारीख कळवून तिथलाच काढून घ्यावा. भाड्याचं घर महिनाअखेरीस सोडायचं असेल, तर कलश ठेवून, दूध उतू घालून आधी राहायला जावं आणि वास्तुशांत सवडीने करावी. लासुरातही लोक हेच करतात. राहिले आई-वडील. वैशाखात तिकडे सकाळी अकराला पूजा धरली, तर लासुरात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. जेवणं उरकून, शेजाऱ्यांनाही बोलावून ते व्हिडिओ कॉलवर अख्खी पूजा बघू शकतात.