तोवर थांबा

म्हातारं कुत्रं असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: तोवर थांबू. मुलाची परीक्षा होऊ दे, पाहुणे जाऊ देत, पाऊस ओसरू दे. आमच्याकडे ते फोनवरून आलं. बंगळुरूहून लेक म्हणाली, "आई, मी दिवाळीला येतेच आहे, तोवर थांबा ना." गणपती नुकतेच गेले होते आणि खंडूची मूत्रपिंडं जवळजवळ कामातून गेली होती.

खंडू आमचा गावठी कुत्रा. नाव सासूबाईंनी ठेवलेलं, खंडोबाबरोबर कुत्रं असतं म्हणून. त्यामुळे 'इंजेक्शन' हा शब्द घरात निघाला तेव्हा त्या ताडकन म्हणाल्या, "देवाचं कुत्रं आहे ते. त्याचे भोग भोगेल आणि जाईल. मध्ये पडणारे आपण कोण?" नवरा म्हणाला, डॉक्टर सांगतील तसं करू. डॉक्टर म्हणाले, निर्णय तुमचा. खंडूला कोणी विचारू शकत नव्हतं.

टाइल्सवर त्याचे मागचे पाय फाकायचे, म्हणून खोलीपासून दारापर्यंत गोणपाटं अंथरली होती. पोटाखालून जुना टॉवेल घालून, दोन्ही टोकं धरून त्याला उचलायचं, मग तो शू करायचा. तोंडाला कल्हईवाल्याच्या नवसागरासारखा वास येऊ लागला होता. मूत्रपिंडं रक्त गाळेनाशी झाली की असं होतं. मळमळतं, तोंडात जखमा होतात. तो भांड्यापाशी यायचा, हुंगायचा, ओठ चाटायचा आणि तोंड फिरवायचा. आम्ही दहीभात देऊन बघितला, चिकनचं पाणी देऊन बघितलं. बोटभर काही पोटात गेलं की घरभर बातमी: खाल्लं हं! कुत्रं दुखणं लपवतं. ते विव्हळत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असं आपण आपल्या सोयीने धरून चालतो.

'निसर्गावर सोडा' असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण पिल्लू असताना पार्व्होतून त्याला आपणच सलाइन लावून ओढून काढलेलं असतं. रेबीजची लस, गोचीडताप, जंतांची औषधं. निसर्गाच्या हातून आपण त्याला केव्हाच काढून घेतलेलं असतं. उठता न येणारं कुत्रं रस्त्यावर फार दिवस काढत नाही. घरात कातडीखाली सलाइन देऊन ते आठवडेच्या आठवडे तगतं. हे वाढीव दिवस आपण दिलेले. ते कसे जातात याचा जाबही आपणच द्यायचा. काही न करणं हासुद्धा निर्णयच असतो, फक्त त्याच्याखाली कोणी सही करत नाही.

सासूबाईंना मी साबरमती आश्रमातल्या वासराची गोष्ट सांगितली. साल 1928. वासरू उपचारांच्या पलीकडे गेलेलं, वेदनांनी तळमळत होतं. गांधीजींनी डॉक्टर बोलावले आणि आपल्या देखत इंजेक्शन देववलं. दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपलं. गाईचं वासरू, तेही अहिंसेच्या आश्रमात! संतापलेल्या पत्रांचा ढीग पडला. गांधीजींनी ते झाकून ठेवलं नाही, 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'तून जाहीर चर्चा केली. कृती कुणाच्या भल्यासाठी आहे यावर हिंसा की अहिंसा ते ठरतं, असा त्यांचा मुद्दा होता. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते महात्मा होते." यावर काय बोलणार?

कायदा मात्र महात्म्यांसाठी नसतो. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात, एखाद्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशी न्यायालयाची खात्री झाली, तर त्याचं जीवन संपवण्याचा आदेश देण्याची तरतूद आहे. म्हातारं कुत्रं लांबच्या देवळापाशी किंवा हायवेवर सोडून येणारे मात्र 'आम्ही मारलं नाही' म्हणत मोकळे होतात. त्याला उपाशी-तहानेलं टाकून देणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे.

असाध्य आजारात कृत्रिम उपायांनी मला जगवू नका, असं माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती मुभा दिली. कुत्र्याच्या वतीने हे आपल्याला लिहावं लागतं, आणि ते डोळ्यांत पाणी नसताना लिहावं. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी त्यासाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही.

आम्ही त्यातली शेवटची गोष्ट धरली. सासूबाई दुधाचा खाडा 'कालनिर्णय'वर मांडतात, त्याच चौकोनात खंडूचा दिवस मांडायचा. आपणहून चार घास खाल्ले, सिलेंडरवाल्यावर भुंकला, गॅलरीतल्या उन्हात जाऊन पडला, यातलं काही झालं तर टिकली. काहीच नाही, तर फुली. एका आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की डॉक्टरांना फोन, हे आधीच ठरलं. पेन सासूबाईंच्या हातात. मी मांडलं असतं तर घाई केली असं त्यांना वाटलं असतं.

नवरात्रात फुल्या वाढल्या. लेकीचा फोन आला तेव्हा सासूबाईंनीच घेतला. "यायचं तर या शनिवारी ये. दिवाळी माणसांची असते, त्याला नाही कळत." ती रात्रीच्या बसने आली.

डॉक्टर घरी आले. पुढे काय होतं ते कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहिते. पहिल्या इंजेक्शनने गुंगी येते. मग पुढच्या पायावरचे केस काढून शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात. श्वास थांबतो, हृदय थांबतं. काही मिनिटांचंच काम. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा आचका येतो, शू होते. ती शरीराची आपसूक हालचाल असते, त्याला काही कळत नसतं. हे माहीत असेल तर माणूस शेवटपर्यंत जवळ बसू शकतो. 'मला बघवत नाही' म्हणून बाहेर जाऊन थांबणाऱ्यांना एवढंच सांगेन की आतला जीव तुम्हालाच शोधत असतो.

तुमचं कुत्रं आठ-नऊ वर्षांचं असेल आणि आज साखळी ओढत तुम्हाला फरफटत नेत असेल, तर हा विषय काढायला हीच वेळ चांगली. त्याला मनापासून आवडणाऱ्या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. त्यातल्या किती गेल्या की डॉक्टरांना फोन करायचा, तेही लिहा. डॉक्टर घरी येतात का, नंतर दहनाची सोय कुठे आहे, हे विचारून ठेवा. मत सगळ्यांचं घ्या, पण शेवटचा शब्द रात्री टॉवेल धरून उठणाऱ्याचा असू द्या. लांबून 'तोवर थांबा' म्हणणाऱ्याला एकच विचारा: तोवर त्याला उचलायला येतोस का?